रॉयल यॉर्कमधली खोली निवडताना

प्रश्न : माझ्या लेकीचा टोरँटो विद्यापीठातला पदवीदान समारंभ नोव्हेंबरच्या सुरुवातीला आहे. मी, मिस्टर आणि 74 वर्षांच्या सासूबाई असे तिघं नाशिकहून जाणार आहोत. लेक मैत्रिणींबरोबर भाड्याच्या घरात राहते, त्यामुळे तिथे आमची सोय होणार नाही. पाच रात्रींसाठी फेअरमाँट रॉयल यॉर्क घ्या, असं तिचं म्हणणं आहे आणि पैसे ती स्वतःच्या कार्डावर भरणार आहे. हॉटेल जुनं, नावाजलेलं, नुकतंच नूतनीकरण झालेलं. पण अभिप्राय वाचून डोकं चक्रावलं. निम्मे लोक राजवाडा म्हणतात, निम्मे खुराडं. सासूबाईंच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे. आम्ही तिघंही शाकाहारी. एवढे पैसे घालावेत का? घालायचे तर काय बघून?
— एक वाचक, नाशिक

उत्तर :

नमस्कार ताई,

राजवाडा म्हणणारे आणि खुराडं म्हणणारे, दोघंही खरंच बोलताहेत. एकाच इमारतीतल्या निरनिराळ्या खोल्यांत ते राहून आले आहेत. तुमच्या तिघांसाठी हे हॉटेल योग्य आहे असं आमचं मत आहे. मात्र सगळ्यात स्वस्त खोली घेऊन तिसरं माणूस तिच्यात बसवायचा विचार असेल, तर हे हॉटेल घेऊ नका. त्याच पैशांत एखाद्या नव्या, साध्या हॉटेलात तुम्ही जास्त सुखानं राहाल.

खोल्यांत एवढा फरक का, हे कळलं की निवड सोपी होते. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेनं हे हॉटेल युनियन स्टेशनच्या अगदी समोर बांधलं आणि 11 जून 1929 रोजी ते उघडलं. 28 मजल्यांची ही इमारत त्या वेळी टोरँटोत सर्वांत उंच होती. तेव्हा 1,048 खोल्या होत्या आणि प्रत्येक खोलीला स्वतःचं न्हाणीघर होतं. त्या काळात ही मोठी चैन होती. पण एवढी न्हाणीघरं बसवायची म्हणजे ती आकारानं लहानच असणार. खोल्यांचा हिशेबही आगगाडीतून उतरून रात्र-दोन रात्री टेकणाऱ्या प्रवाशाचा होता, पाच दिवस तीन मोठ्या बॅगांसह राहणाऱ्या कुटुंबाचा नव्हता. पुढे 1959 मध्ये पूर्वेकडे नवा भाग जोडला गेला. आज साडेतेराशेच्या आसपास खोल्या आहेत आणि त्या सगळ्या एका मापाच्या नाहीत.

नूतनीकरणात गालिचे, पलंग, नळ, दिवे, पडदे आणि लॉबी बदलते. रॉयल यॉर्कची लॉबी खरोखर देखणी झाली आहे. मधोमध उभं असलेलं घड्याळ आणि त्याच्याभोवतीची बैठक बघून सासूबाई नक्की खूश होतील. पण भार पेलणारे खांब, खिडक्यांच्या जागा आणि पाण्याचे उभे पाइप जिथे होते तिथेच राहतात. म्हणून अशा कुठल्याही जुन्या हॉटेलात ‘नूतनीकरण झालेली खोली’ याचा अर्थ ‘मोठी झालेली खोली’ असा धरू नये. संकेतस्थळावरचे फोटोही बहुतेक वेळा त्या प्रकारातल्या सर्वांत चांगल्या खोलीचे आणि रुंद भिंगातून काढलेले असतात. फोटोपेक्षा चौरस फुटांचा आकडा वाचा. 200 चौरस फुटांच्या आसपासचा आकडा दिसला तर ती एका किंवा दोन माणसांची खोली समजा. पलंगाभोवती चालायला वाट राहते, पण जमिनीवर दोन बॅगा उघडून ठेवता येत नाहीत. आकडा दिलाच नसेल तर विचारून घ्या.

आता पलंग. इथे भारतातून जाणाऱ्यांची हमखास गफलत होते. आपल्याकडे डबल बेड म्हटलं की सहा फूट रुंदीचा पलंग डोळ्यांसमोर येतो. कॅनडात ‘डबल’ म्हणजे 54 इंच, साडेचार फूट. नवरा-बायको दोघांनी झोपायचं तर प्रत्येकाच्या वाट्याला सव्वादोन फूट. ‘क्वीन’ 60 इंच, म्हणजे पाच फूट, आणि ‘किंग’ 76 इंच. त्यामुळे ‘दोन डबल’ आणि ‘दोन क्वीन’ या दोन ओळींतला फरक किरकोळ वाटला तरी पाच रात्रींत तो चांगलाच जाणवतो. एका खोलीत तिघं राहणार असाल तर दोन क्वीनच घ्या. ‘जादा खाट टाकून देऊ’ या आश्वासनावर जाऊ नका. जुन्या इमारतीतल्या लहान खोल्यांत जादा खाट टाकली की दारापर्यंतची वाट अडते, म्हणून हॉटेलं बऱ्याच प्रकारांत ती देतच नाहीत. हे तुम्हाला काउंटरवर पोचल्यावर कळायला नको.

सासूबाईंच्या गुडघ्याचा प्रश्न पलंगापेक्षा मोठा आहे. जुन्या न्हाणीघरांत बहुधा टब असतो आणि शॉवर त्या टबातच उभं राहून घ्यायचा असतो. टबाची कड साधारण दीड फूट उंच. ती ओलांडून ओल्या, गुळगुळीत तळावर पाय टाकायचा म्हणजे शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्याला नको ती परीक्षा. बुकिंग करताना ‘वॉक-इन शॉवर’ हे शब्द स्पष्ट वापरा. ‘अॅक्सेसिबल खोली हवी’ एवढंच लिहिलंत तर भिंतीला धरायला दांडा बसवलेली, पण टब तसाच असलेली खोली मिळू शकते. पूर्ण सपाट, उंबरठा नसलेला शॉवर हवा असेल तर त्याला ‘रोल-इन शॉवर’ म्हणतात. अशा खोल्या मोजक्या असतात आणि बऱ्याचदा त्यांत एकच मोठा पलंग असतो. आंघोळीसाठी बसायचं स्टूल मागितलं तर मिळतं, फक्त आदल्या दिवशी कळवून ठेवा.

म्हणून तुमच्यापुढे खरे दोन पर्याय आहेत. पहिला : वॉक-इन शॉवर असलेली दोन क्वीनची एक मोठी खोली. दुसरा : मधलं दार उघडणाऱ्या दोन खोल्या, एक तुम्हा दोघांची आणि दुसरी सासूबाईंची, रोल-इन शॉवरवाली. दुसरा पर्याय महाग आहे, पण पाच रात्रींत पहाटे चारला जाग येणारी तीन माणसं आणि एक न्हाणीघर, हे गणित अवघड असतं. भारत आणि टोरँटो यांच्यात साडेनऊ ते साडेदहा तासांचं अंतर आहे, त्यामुळे पहिल्या दोन-तीन रात्री झोपेचं तंत्र बिघडणारच. परवडत असेल तर दोन खोल्या घ्या. त्यासाठी ‘कनेक्टिंग’ हा शब्द वापरा. ‘अॅडजॉइनिंग’ म्हणजे नुसत्या शेजारच्या खोल्या, मधे दार असेलच असं नाही. आणि एकच खोली घेणार असाल तर उलट सांगा : मधलं दार नसलेली खोली द्या. त्या दाराच्या फटीतून शेजारच्यांचा टीव्ही आणि फोनवरचं बोलणं भिंतीपेक्षा कितीतरी जास्त ऐकू येतं. जुन्या हॉटेलांतल्या आवाजाच्या तक्रारी पुष्कळदा या दारामुळेच असतात.

दिशेबद्दल थोडक्यात. दक्षिणेकडच्या खिडक्या फ्रंट स्ट्रीट आणि युनियन स्टेशनकडे, उत्तरेकडच्या बँकांच्या उंच इमारतींकडे. काही खोल्यांच्या खिडकीसमोर हॉटेलचीच दुसरी भिंत येते. तिथे उजेड कमी, पण रस्त्याचा आवाजही कमी. नोव्हेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास अंधार पडतो आणि तुमचा दिवस बाहेरच जाणार आहे, त्यामुळे देखाव्यासाठी जादा पैसे मोजू नका. ते पैसे न्हाणीघरावर घाला. लिफ्टच्या जवळची खोली सासूबाईंसाठी बरी, फक्त लिफ्टला अगदी खेटून नको. एवढ्या मोठ्या हॉटेलात बोळ फार लांब असतात आणि टोकाची खोली मिळाली तर दिवसातून चार वेळा ती चाल पडते. मधली जागा मागा : लिफ्टपासून पाच-सहा दारं सोडून.

हे सगळं बुकिंगच्या अर्जातल्या ‘विशेष विनंती’च्या चौकटीत टाकून निवांत राहू नका. पलंगाचा प्रकार आणि शॉवर या गोष्टी खोलीच्या प्रकारातच लिहिलेल्या असाव्यात, कारण विनंती म्हणजे हमी नव्हे. बाकीच्या गोष्टींसाठी पोचण्याच्या आठवडाभर आधी हॉटेलला थेट ईमेल करा आणि दोन दिवस आधी लेकीला फोन करायला सांगा. खोल्यांची वाटणी बहुतेक हॉटेलांत शेवटच्या एक-दोन दिवसांत होते, म्हणून महिनाभर आधी केलेला फोन कुणाच्या लक्षात राहत नाही. ईमेल लहान ठेवा : बुकिंग क्रमांक, तीन प्रौढ, 74 वर्षांच्या पाहुण्याच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया, वॉक-इन शॉवर आवश्यक, लिफ्टपासून फार लांब नको, औषधांसाठी रिकामा फ्रिज, पोचण्याची वेळ. इतकंच. मागण्या दहा झाल्या की महत्त्वाची कुठली ते वाचणाऱ्याला कळत नाही. दुसऱ्या संकेतस्थळामार्फत केलेल्या बुकिंगमध्ये बदल करायचा तर हॉटेल अनेकदा तुम्हाला त्या संकेतस्थळाकडेच परत पाठवतं. तुमच्यासारख्या नेमक्या गरजा असतील तर दोन पैसे जास्त पडले तरी हॉटेलच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून, रद्द करता येणारं बुकिंग करा. रद्द करण्याची मुदत टोरँटोच्या घड्याळाप्रमाणे असते. शिवाय नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागे जातात, तेव्हा भारताशी असलेलं अंतर साडेनऊवरून साडेदहा तासांवर जातं. मुदत आणि फोनच्या वेळा ठरवताना हे लक्षात घ्या.

पैशांचं पाहू. दाखवलेला दर हा शेवटचा आकडा नसतो. त्यावर टोरँटो शहराचा निवासकर 6 टक्के लागतो (फुटबॉल विश्वचषकाच्या निमित्तानं 31 जुलै 2026 पर्यंतच्या काळासाठी तो 8.5 टक्के केला होता) आणि या दोन्हींच्या बेरजेवर 13 टक्के विक्रीकर. समजा खोली रात्रीला 400 कॅनेडियन डॉलर आहे. पाच रात्रींचे 2,000. निवासकर 120. 2,120 वर 13 टक्के म्हणजे 275.60. एकूण 2,395.60. म्हणजे जवळजवळ एका रात्रीचे पैसे करातच जातात. तिसऱ्या प्रौढ व्यक्तीसाठी वेगळी आकारणी असू शकते, म्हणून शोधतानाच ‘3 प्रौढ’ निवडा. दोन टाकून तिसरं माणूस गुपचूप नेण्याचा सल्ला काही जण देतात. तो ऐकू नका. नाश्ता, टॉवेल, किल्ली सगळं दोघांचंच मिळतं आणि आगीसारख्या प्रसंगी सासूबाईंची नोंदच नसते.

लेक पैसे भरणार, पण राहणार तुम्ही, इथे हमखास अडचण येते. चेक-इनला ज्याच्या नावावर बुकिंग आहे त्या व्यक्तीचं ओळखपत्र आणि प्रत्यक्ष कार्ड मागतात. बुकिंग मिस्टरांच्या नावानं करा, पासपोर्टवर आहे अगदी तसंच नाव लिहा आणि लेकीच्या कार्डासाठी हॉटेलकडून ‘थर्ड पार्टी क्रेडिट कार्ड ऑथोरायझेशन’चा अर्ज आधीच मागवून भरून ठेवा. सर्वांत सोपं म्हणजे चेक-इनच्या वेळी लेकीनं स्वतः कार्ड घेऊन हजर राहायचं. खोलीभाड्याखेरीज किरकोळ खर्चासाठी हॉटेल कार्डावर काही रक्कम अडकवून ठेवतं. बऱ्याच मोठ्या हॉटेलांत ती रात्रीला 50 ते 100 डॉलर असते. क्रेडिट कार्डावर हा नुसता मर्यादेवरचा ताण. डेबिट किंवा प्रीपेड फॉरेक्स कार्ड दिलंत तर तेवढे खरे पैसे अडकतात आणि हॉटेल सोडल्यावर सुटायला आठवडा-दहा दिवस लागू शकतात. फॉरेक्स कार्ड जेवणाखाणासाठी ठेवा, काउंटरवर देऊ नका.

तुमचं भारतीय क्रेडिट कार्ड सोबत असेलच. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमानुसार नवीन कार्ड फक्त देशांतर्गत व्यवहारांसाठी चालू असतं, परदेशातला वापर तुम्हालाच सुरू करावा लागतो. निघण्याच्या आधी अॅपमधून तो सुरू करा. दुकानात किंवा हॉटेलात यंत्रावर ‘रुपयांत की डॉलरमध्ये’ असं विचारलं तर कायम कॅनेडियन डॉलर निवडा. रुपये निवडले तर दर ते यंत्र चालवणारी कंपनी ठरवते आणि तो तुमच्या बँकेच्या दरापेक्षा बहुतेक वेळा वाईट असतो.

नाश्ता साध्या दरात बहुधा धरलेला नसतो आणि हॉटेलातला नाश्ता महाग पडतो. ‘फेअरमाँट गोल्ड’ नावाचा वरचा प्रकार आहे. त्यात वेगळं चेक-इन, वेगळी बैठक, सकाळचा नाश्ता आणि संध्याकाळचं हलकं खाणं येतं. दोन माणसांना तो फरक कधीकधी भरून निघतो. तुम्हा तिघांना तो घ्यायचा तर एकच गोष्ट लेखी विचारा : नाश्त्यात किती माणसं धरली आहेत? आणि शाकाहाऱ्यांना तिथे मिळणार काय, तर फळं, दही, पाव, ओट्स, बटाटे. अंडी न खाणाऱ्यांना त्या पैशांचं मोल मिळत नाही, म्हणून आम्ही तुम्हाला गोल्ड सुचवणार नाही. तोच पैसा दुसऱ्या खोलीकडे वळवा.

खाण्यापिण्याची सोय बाहेर सहज होते. हॉटेलच्या तळघरातून ‘पाथ’ या भुयारी पादचारी मार्गात उतरता येतं. हा मार्ग 30 किलोमीटरहून लांब असून त्यात दुकानं आणि खाण्याच्या जागा भरपूर आहेत, शिवाय नोव्हेंबरच्या गार वाऱ्यात बाहेर न पडता युनियन स्टेशन गाठता येतं. पण तो मूळचा कार्यालयीन लोकांसाठीचा मार्ग आहे. संध्याकाळी सहानंतर आणि शनिवार-रविवारी बहुतेक दुकानं बंद. शनिवारी रात्री आठला ‘खाली जाऊन काहीतरी खाऊ’ म्हणून उतराल तर ओसाड बोळ दिसतील. त्या वेळी युनियन स्टेशनमधल्या खाण्याच्या जागांकडे जा. दूध, दही, फळं, ब्रेड यांसाठी यॉर्क स्ट्रीटच्या दक्षिण टोकाला लाँगोजचं मोठं दुकान आहे. सेंट लॉरेन्स मार्केट पूर्वेला चालत दहा-पंधरा मिनिटांवर, सोमवारी बंद. तिथे चीज, ब्रेड, फळं उत्तम मिळतात, मात्र मासळी आणि मांसाचे गाळेही तिथेच आहेत. सासूबाईंना तो वास चालणार नसेल तर त्यांना नेऊ नका.

खोलीत स्वयंपाक करायचा नाही. शेगडी, इंडक्शन, कुकर काहीही नेऊ नका. आपली 230 व्होल्टची किटलीही नेऊ नका. कॅनडात वीज 120 व्होल्टची आहे, त्यामुळे प्लगचा अडॅप्टर लावला तरी किटलीला जेमतेम पाव शक्ती मिळते आणि पाणी तापता तापत नाही. उलट तिथली 120 व्होल्टची वस्तू आपल्याकडे आणून लावली तर जळते. फोनचे चार्जर चालतात, कारण त्यांच्यावर ‘100–240’ लिहिलेलं असतं. रक्तदाबाचं यंत्र, वाफेचं यंत्र वगैरेंवरचं हे लेबल घरीच वाचा. खोलीतल्या कॉफी यंत्रात नुसतं गरम पाणी काढलं तरी त्याला कॉफीचा वास येतो, चहा फुकट जातो. ‘वेगळी किटली द्या’ म्हणून फोन करा, आणून देतात. सोबत चहापावडर, वेलची आणि झटपट उपमा-पोह्यांची पाकिटं न्या, पहाटेच्या भुकेला तीच उपयोगी पडतात.

दिवाळी याच सुमारास येते, म्हणून हेही लिहितो : खोलीत पणती, उदबत्ती, कापूर यांपैकी काहीही लावू नका. छतावरचा धूरशोधक थोड्या धुरानंही बोंब मारतो आणि धुराच्या वासासाठी लावलेला सफाईचा दंड शेकडो डॉलरच्या घरात जातो. सेलवर चालणाऱ्या पणत्या न्या. फराळाचे डबे नेता येतात, फक्त विमानतळावरच्या नोंदीत ‘खाद्यपदार्थ आहेत’ याला ‘हो’ म्हणा. मिनीबार असेल तर त्यातल्या बाटल्या सरकवून आपले डबे ठेवू नका. काही फ्रिजांत वस्तू उचलली की आपोआप बिल लागतं. त्यासाठीच रिकामा फ्रिज आधी मागायला सांगितलं. आणि न्हाणीघरात जेट नसतो. प्रवासात वापरायची पिळण्याची बाटली किंवा साधा मग न्या.

विमानतळाहून येताना : पिअर्सन विमानतळाच्या टर्मिनल 1 वरून युनियन स्टेशनला ‘यूपी एक्स्प्रेस’ दर 15 मिनिटांनी सुटते, 25 मिनिटं लागतात, भाडं माणशी साधारण 12 डॉलर. टर्मिनल 3 ला उतरलात तर दोन्ही टर्मिनलांना जोडणाऱ्या आतल्या गाडीनं आधी टर्मिनल 1 ला यावं लागतं. गाडीत चढायला पायरी नाही, ही चांगली गोष्ट. पण हॉटेल स्टेशनसमोर असलं तरी युनियनच्या फलाटापासून तिथपर्यंत सामान ओढत दहा मिनिटांची चाल आहे. वीस तासांच्या प्रवासानंतर, चाळीस-पन्नास किलो सामान आणि सासूबाई सोबत असताना आम्ही टॅक्सीच घ्यायला सांगू. ती हॉटेलच्या दारात सोडते. परत जाताना अंगात त्राण असतं, सामान थोडं हलकं झालेलं असतं आणि संध्याकाळच्या गर्दीत रस्ता तुंबतो, तेव्हा यूपी एक्स्प्रेसनं जा.

खोली दुपारी तीन-चारच्या आधी मिळेल असं धरू नका. विमान सकाळी पोचत असेल तर आदल्या रात्रीपासूनचं बुकिंग करणं हा एकच खात्रीचा मार्ग. मात्र तसं केलंत तर ‘आम्ही प्रत्यक्ष दुसऱ्या दिवशी सकाळी येणार आहोत’ हे ईमेलनं कळवून त्यांचं उत्तर जपून ठेवा. न कळवता पहिली रात्र रिकामी गेली तर ‘पाहुणे आलेच नाहीत’ अशी नोंद होऊन पाचही रात्री रद्द होऊ शकतात. हे फार वाईट प्रकारे अंगाशी येतं.

किल्ली मिळाली की बॅगा उघडायच्या आधी दहा मिनिटं खोली तपासा. शॉवर खरंच तुम्ही मागितलेला आहे का? गरम पाणी दोन मिनिटं सोडून पाहा. उंच जुन्या इमारतीत ते यायला वेळ लागू शकतो, पण दोन मिनिटांनीही कोमट असेल तर काहीतरी बिघाड आहे. न्हाणीघरातलं पाणी लगेच वाहून जातंय का, हीटर वर-खाली होतोय का, गादीच्या शिवणीत काळे ठिपके नाहीत ना, हे बघा. काही खटकलं तर तेव्हाच खाली जाऊन नम्रपणे पण स्पष्ट सांगा. संध्याकाळी सहाच्या आधी बदलून द्यायला खोल्या शिल्लक असतात. रात्री दहाला, सामान लावून झाल्यावर तक्रार केली तर उद्यावर जातं. त्याच वेळी काउंटरवर हेही नोंदवून घ्या की एका पाहुण्याला जिना उतरायला मदत लागेल. उंच इमारतींत आगीचा इशारा अनेकदा दोन टप्प्यांचा असतो. हळू ठोके म्हणजे तयार राहा, जलद ठोके म्हणजे बाहेर पडा. लिफ्ट तेव्हा वापरता येत नाही. 74 वर्षांच्या बाई पंधराव्या मजल्यावर आहेत हे अग्निशमन दलाला यादीवरून कळायला हवं. म्हणून शक्य असेल तर खालचाच मजला मागा.

समारंभाच्या दिवशी सकाळी आठ ते साडेनऊ लिफ्टला गर्दी असते, परिषदेचे पाहुणे असले तर आणखी. पंधरा मिनिटं हाताशी ठेवा. कॉन्व्होकेशन हॉलला जायला युनियनवरून मेट्रोची लाइन 1 धरून चौथं स्टेशन क्वीन्स पार्क, तिथून चालत दहा मिनिटं. भाडं सव्वातीन डॉलरच्या आसपास, कार्ड टेकवून देता येतं आणि दोन तास चालतं. पण साडी नेसलेल्या सासूबाई, त्यावर कोट आणि बाहेर पाच-सात अंश. जाताना टॅक्सी करा. हॉलसमोरचं मैदान आता मुख्यतः पायी चालणाऱ्यांसाठी आहे, गाडी अगदी दारापर्यंत जाईल असं नाही. उतरायची जागा लेकीनं आदल्या दिवशी पाहून ठेवावी.

बक्षिशीसाठी सुटे लागतात. कॅनडात सगळ्यात लहान नोट 5 डॉलरची, 1 आणि 2 डॉलरची नाणी असतात. सामान वर आणणाऱ्याला बॅगेमागे 2 डॉलर, खोली आवरणाऱ्यांना दिवसाला 3 ते 5. हे रोजच्या रोज उशीजवळ ठेवा, कारण आवरायला येणारी व्यक्ती रोज तीच असेल असं नाही. उपाहारगृहात 15 ते 18 टक्के, मात्र बिलात ‘ग्रॅच्युइटी’ आधीच लावली आहे का ते वाचून मगच.

निघायच्या आदल्या रात्री बिल मागवा. टीव्हीवर किंवा फोनवर दिसत असलं तरी कागदावर घ्या. मिनीबार, तिसऱ्या पाहुण्याची आकारणी आणि कराची ओळ, या तीन जागी चुका होतात आणि रात्री दहाला त्या पाच मिनिटांत दुरुस्त होतात. सकाळी अकराच्या रांगेत, टॅक्सी उभी असताना होत नाहीत. विमान रात्रीचं असेल तर खोली सोडल्यावर सामान हॉटेलातच ठेवता येतं, त्याची पावती घ्या. अडकवलेली रक्कम सुटली का, हे दहा दिवसांनी लेकीला कार्डाच्या हिशेबात पाहायला सांगा. सुटली नसेल तर आधी तिच्या बँकेला फोन करायचा, कारण हॉटेलनं सोडलेली रक्कम बऱ्याचदा बँकेकडेच रेंगाळते.